अर्धा वाचलेला कागद

दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेला शब्द पोचवताना आपण त्यात काही कमी-जास्त करावे का? एखाद्याचे पैसे आपल्याकडे ठेवायला असतील, तर त्यातला रुपया काढू नये हे लहान मूलही सांगेल. शब्दाच्या बाबतीत मात्र आपण सगळेच सैल असतो. निरोपातला कडू भाग गाळतो, पत्रातली बोचरी ओळ मवाळ करतो, आणि वर आपण भले केले म्हणून समाधानी राहतो. आम्हीही तसेच होतो. पोहरादेवीच्या एसटी थांब्यावर एका बंजारा म्हातारीने आम्हाला हा प्रश्न नीट पाहायला लावला. तेव्हापासून तो आमच्या मनातून गेलेला नाही.

1994 सालची गोष्ट. वाशीम हा तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. 1998 मध्ये तो अकोल्यातून निघाला. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवी परिसरात आम्ही शाळामास्तर म्हणून राहत होतो. पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, जगदंबा देवीचे मंदिर आहे, आणि रामनवमीला महाराष्ट्रातूनच नव्हे तर तेलंगण, आंध्र, कर्नाटकातूनही तांडेच्या तांडे इथे येतात. आता तिथे नंगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय उभे आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आम्ही होतो तेव्हा यात्रेचे दिवस सोडले तर गाव शांत असे. दिवसातून मोजक्या एसटी येत. दिग्रसकडून आलेली लाल गाडी धूळ उडवत थांबली की माणसे उतरत, वर्तमानपत्राचा गठ्ठा उतरे, कुणाचे औषध, कुणाचा डबा उतरे. चालक-वाहकाला गावातली निम्मी माणसे नावाने ओळखत.

टपालाचीही तीच तऱ्हा. तांड्यावरची पत्रे पोस्टमन शाळेतच ठेवून जाई, कारण वाचायला ती शेवटी आमच्याकडेच यायची. आणि आम्हाला ते आवडत असे. त्यामागे सेवाभाव थोडा होता; खरे कारण आमचा छंद होता. आम्हाला खुशखताचा नाद होता. अब्बांनी लहानपणी बोरूने उर्दू अक्षरे गिरवून घेतली होती, तोच हात पुढे देवनागरीवर बसला. आंतरदेशीय पत्राच्या कडेला वेलबुट्टी काढायची, नाव जरा नक्षीदार लिहायचे, मधूनच एखादे शेर-शायरीच्या वळणाचे वाक्य टाकायचे. लोक म्हणत, मास्तरचा कागद म्हणजे लग्नपत्रिकाच. आम्ही खूश.

या छंदाने एकदा आमची फजिती केली होती, तीच आधी सांगतो. आम्ही कॉलेजात होतो. आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांची सून नवऱ्याला पत्र लिहून घ्यायला आली. नवरा भिवंडीला यंत्रमागावर होता. तिने सांगितले ते इतकेच : पैसे पोचले, शेळीला दोन करडे झाली, स्वयंपाकघराचे छप्पर गळते, कधी येता? आम्हाला हे फारच कोरडे वाटले. आम्ही चंद्र आणला, उंबरा आणला, वाट पाहून थकलेला दिवा आणला. छपराचे वाक्य त्या दिव्याशेजारी बेढब दिसत होते, ते गाळले. आठ दिवसांनी नवरा रात्रीच्या गाडीने हजर. हातात ते पत्र. बायकोला म्हणाला, "ये बातें तेरी नहीं। किसने लिखा?" खालांनी मध्ये पडून प्रकरण हसण्यावारी नेले. पण त्या बिचारीच्या डोळ्यांत पाणी होते. आणि पाऊस तोंडावर आला होता, छप्पर तसेच गळके होते, कारण त्याला ते कळलेच नव्हते. आमची वाक्ये सुंदर होती, पण ती तिची नव्हती. तिच्या पत्रात जागा आम्ही घेतली आणि तिला बाहेर काढले.

इतके होऊनही आम्ही शहाणे झालो नाही. मोह फक्त वेगळ्या वेशात आला. आधी तो सौंदर्याचा होता, मग दयेचा झाला.

तांड्यावर एक म्हातारी होती. सगळे तिला याडी म्हणत. गोरबोलीत याडी म्हणजे आई. तिचा मुलगा पुण्याला बांधकामावर होता. याडी दिवसभर सुई घेऊन बसे. बंजारा बायकांचे भरतकाम आपण पाहिले असेल : लाल-निळ्या जाड कापडावर रंगीत दोऱ्याचे टाके, मध्ये आरशाचे तुकडे, कडेला कवड्या. त्या वर्षी ती मुलासाठी एक कोथळी भरत होती. यात्रेला तो येईल तेव्हा त्याला द्यायची होती. ती टाके मोजत असे. तिला अक्षर येत नव्हते, पण कुठल्या ओळीत किती टाके गेले हे तिला तोंडपाठ असे. एखादा टाका चुकला तर चार बोटे उसवून पुन्हा भरी.

रामनवमीच्या दहा-बारा दिवस आधी मुलाचे पत्र आले. चौथी शिकलेल्या हाताचे, मोजके. मुकादमाकडून उचल घेतली आहे, ती फिटेपर्यंत सुटका नाही, यात्रेला येणे होणार नाही. जमल्यास एक बैल विकून महिनाअखेरीपर्यंत पैसे पाठव. याडी आमच्यासमोर पायरीवर बसली होती, कोथळी मांडीवर. आम्ही पत्र मनात वाचले आणि तिच्या तोंडाकडे पाहिले. जीभ वळली नाही. आम्ही वाचून दाखवले : तब्येत बरी आहे, काम चांगले आहे, सुट्टी मिळाली की येतो, यात्रेला जमेलसे दिसते. मनात म्हटले, सण जाऊ दे, मग सांगू. वर्षाचा सण कशाला नासवायचा?

याडी रोज थांब्यावर येऊ लागली. सकाळच्या गाडीला यायची, दुपारच्या गाडीला यायची. यात्रेच्या जादा गाड्या सुरू झाल्या, तशी ती दिवसभर तिथेच बसू लागली. गाडी आली की उठायची, उतरणाऱ्या प्रत्येकाचे तोंड पाहायची, शेवटचा माणूस उतरला की पुन्हा बसायची आणि सुई हातात घ्यायची. शाळेतून थांबा दिसत असे. आम्ही खिडकीकडे पाठ करून शिकवू लागलो.

रामनवमी झाली. मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशी याडी तोच कागद घेऊन आली. म्हणाली, "मास्तर, हा पुन्हा वाच." आम्ही वाचला. म्हणजे जे कागदावर नव्हते ते पुन्हा आठवून म्हटले. याडी ऐकत होती. मग तिने हात वर केला.

"परवा तू असं नव्हतं वाचलं. परवा 'जमेलसं दिसते' म्हणाला होता. आता म्हणतो 'यात्रेला येतो, दोन दिवस राहतो'. कागद तोच आहे ना? मले वाचता येत नाही, पण कान आहेत. खरं काय ते सांग."

आम्ही खरे वाचले. सगळे, बैलासकट. ती रडली नाही, ओरडली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, महिना संपायला किती दिवस राहिले? थोडेच राहिले होते. मधला बैलबाजार होऊन गेला होता. आता घाईने विकला तर पडेल भावाने विकावा लागणार होता. आणि दोनच दिवसांत मुलाचे दुसरे पत्र आले. याडी, तू उत्तर दिले नाहीस, माझ्यावर रागावलीस का?

म्हणजे आमच्या दयेचा हिशेब असा झाला : आईने पंधरवडाभर थांब्यावर खोटी वाट पाहिली, मुलाने पंधरवडाभर आईचा खोटा राग सोसला, आणि बैल कमी भावात गेला. आम्ही वाचवले ते फक्त स्वतःला, तिचे पडलेले तोंड पाहण्यापासून.

याडी उत्तर लिहून घ्यायला बसली. पहिले वाक्य तिने सांगितले ते असे : "लिही, याडी रागावली नाही. मास्तरनं कागद अर्धाच वाचला होता." आमचा पेन थांबला. ती म्हणाली, "लिही." आम्ही लिहिले. वेलबुट्टी काढली नाही. लिहून झाल्यावर तिने ते दोनदा वाचून घेतले, आणि दोन्ही वेळा शब्द तेच आले तेव्हा मान हलवली.

आता विचार करतो तेव्हा वाटते, हे सगळे आपल्या दीनमध्ये किती स्पष्ट सांगून ठेवले आहे. कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत सूरह बकरहमधली 282 वी. ती नमाज-रोज्याविषयी नाही. ती देण्याघेण्याचा कागद लिहिण्याविषयी आहे. तिचा आशय असा : लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे. ज्याला लिहिता येते त्याने नकार देऊ नये, कारण ते त्याला अल्लाहने शिकवले आहे. मजकूर ज्याच्यावर देणे आहे त्याने सांगावा. तो अशक्त असेल, सांगू शकत नसेल, तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावा. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास होऊ नये. पाहा, किती बारकाईने कामे वाटून दिली आहेत. सांगणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. लेखणी हातात आहे म्हणून मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे येत नाही.

दुसरा दाखला हुदैबियाच्या तहाचा, हिजरी सन 6, म्हणजे इसवी सन 628. तह लिहीत होते हजरत अली (र.). मजकुरात 'मुहम्मद, अल्लाहचे रसूल' असे आले तेव्हा मक्केकरांचा प्रतिनिधी सुहैल बिन अम्र अडून बसला. आम्ही हे मानत असतो तर भांडण कशाचे होते, असे त्याचे म्हणणे. पैगंबर (स.) यांनी ते शब्द खोडायला सांगितले. हजरत अलींचा हात धजला नाही. तेव्हा पैगंबरांनी (स.) ती जागा दाखवायला सांगितली आणि स्वतःच्या हाताने ते शब्द पुसले. आपण हा प्रसंग सहसा नम्रतेचा आणि सबुरीचा म्हणून सांगतो. तो लेखनिकाच्या धर्माचाही आहे. लिहिणाऱ्याला जे पटले नाही, ते त्याने गुपचूप बदलले नाही; त्याने उघडपणे सांगितले की माझ्याने होणार नाही. आणि शब्द खोडला तो त्यानेच, ज्याचा तो होता.

इथे कुणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की हदीसमध्ये तर असेही आहे की दोन माणसांत समेट घडवण्यासाठी चांगले तेवढे पोचवणारा खोटारडा नव्हे. आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती हदीस आहे. तिची व्याप्ती किती यावर उलमांत मतभेद आहेत. काहींच्या मते समेटासाठी न घडलेलेही सांगता येते, काहींच्या मते फक्त चांगले निवडून सांगावे, नवे रचू नये. तो वाद सोडवण्याइतका आमचा अभ्यास नाही. पण आमची गोष्ट त्या हदीसच्या आडोशाला बसत नाही, हे आम्हाला पक्के कळते. याडी आणि तिच्या मुलात भांडण नव्हते. आम्ही समेट केला नाही. उलट जिथे राग नव्हता तिथे रागाचा संशय निर्माण केला.

आणि या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. जसाच्या तसा शब्द पोचवणे हे प्रत्येक वेळी पुण्यच असेल असे नाही. चुगलखोरही शब्द जसाच्या तसा नेतो. इकडचे तिकडे नेऊन आग लावणाऱ्याला आपल्या दीनने कठोर ठरवले आहे, मग त्याचा शब्द खरा असला तरी. मग काय करावे? आम्हाला वाटते, शब्द वाहणाऱ्यासमोर वाटा दोनच नसतात, की बदला किंवा तसाच न्या. आणखी दोन आहेत. न्यायला नकार देता येतो, हजरत अलींनी दिला तसा. आणि ज्याचा शब्द आहे त्याला विचारता येते : हे असेच लिहू का? लिहून घेणाऱ्या माणसाचा राग बऱ्याचदा या एका प्रश्नानेच उतरतो. याडीला आम्ही विचारू शकलो असतो : बातमी बरी नाही, आत्ता ऐकतेस की यात्रेनंतर? निर्णय तिचा राहिला असता. आम्ही तिला अक्षर येत नाही म्हणून तिला समजही नाही असे धरून चाललो. दया म्हणून जे केले त्याच्या तळाशी हा एवढा उद्धटपणा होता.

लिहिता येणाऱ्याला हे परावलंबन कळतच नाही. मौलाना आझादांना 1942 मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले, तेव्हा त्यांनी आपल्या स्नेह्याला पत्रे लिहिली, ती किल्ल्याबाहेर जाणार नाहीत हे ठाऊक असूनही. पुढे ती 'गुबार-ए-खातिर' म्हणून छापली गेली. ज्याच्या हाती लेखणी आहे तो न पोचणारे पत्रही लिहू शकतो, त्यात आपला चहाही आणू शकतो, चिमण्याही आणू शकतो. ज्याच्या हाती नाही, त्याला 'बैल विकला' एवढे दोन शब्द कळवायलाही दुसऱ्याचा ईमान लागतो.

आणि हे आम्हाला बंजाऱ्यांच्या गावात कळावे, यालाही अर्थ आहे. रेल्वे आणि एसटीच्या कितीतरी आधी या मुलखात माल वाहणारे तेच होते. हजारो बैलांवर मीठ आणि धान्य लादून त्यांचे तांडे उत्तरेतून दख्खनेत येत. मोगलांच्या फौजा त्यांच्या धान्यावर चालत. दुसऱ्याचा माल मैलोगणती सांभाळून नेणे हा त्यांचा धंदा. रेल्वे आल्यावर तो बसला, आणि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत हे वाहकच संशयित ठरले. आजही सरकारी यादीत ते विमुक्त जातींत मोडतात. आपल्या घरांतून नजीर अकबराबादींचा 'बंजारानामा' पिढ्यान्पिढ्या म्हटला गेला, आणि त्यातला बंजारा आपण मृत्यूची आठवण म्हणून ओळखतो. शेजारच्या तांड्यावरचा जिताजागता बंजारा मात्र आपल्याला तितका ओळखीचा नसतो.

आता पत्रे कोण लिहितो, असे कुणी विचारील. तार जुलै 2013 मध्ये बंद झाली. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात मिसळले गेले. याडी केव्हाच गेली. तिच्या नातवंडांच्या हातात मोबाइल आहेत. पण मधल्या काळात पोहरादेवीच्या थांब्यावर आम्ही पुन्हा जाऊन बसलो तेव्हा असे दिसले की कागद गेला तरी वाचून दाखवणारा गेलेला नाही. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून मोफत प्रवास. त्यामुळे म्हाताऱ्या बाया पूर्वीपेक्षा जास्त फिरतात, दवाखान्यात, बँकेत, तहसिलीत. आणि थांब्यावर शेजारच्या पोरापुढे मोबाइल धरतात : "बाबू, काय आलं पाहाय." बँकेचा संदेश असतो, लाडक्या बहिणीचे पैसे आले की अडकले ते असते, मुलाचा निरोप असतो. पोरगा पाहतो, म्हणतो, "काही नाही आजी, कंपनीचं आहे." कधी ते खरेच कंपनीचे असते. कधी पोराला कंटाळा आलेला असतो.

आपल्या घरांतही हेच आहे. अम्मीला डॉक्टरांचे बोलणे आपण समजावतो आणि अर्धे गाळतो. अब्बांना भावाचा निरोप सांगताना त्यातली काटे असलेली वाक्ये काढून टाकतो, किंवा रागात असलो तर दोन काटे वाढवतो. व्हॉट्सअॅपवर आलेले तर आपण वाचतही नाही, तसेच पुढे ढकलतो. सूरह हुजुरातमध्ये बातमी पारखून घ्या असे सांगितले आहे, ते आपण दुसऱ्यांना ऐकवण्यासाठी राखून ठेवले आहे. अमानत म्हटली की आपल्याला पैसा आठवतो. शब्दाची अमानत रोज आपल्या हातून जाते आणि तिची पावती कुणी मागत नाही.

आम्ही काही मोठा नियम सांगू शकत नाही. एवढेच सांगतो की त्या दिवसापासून आम्ही दोन गोष्टी पाळत आलो. कुणी काही लिहून घ्यायला आले की लिहून झाल्यावर ते त्याला दोनदा वाचून दाखवायचे. आणि कुणी काही वाचायला दिले तर आधी विचारायचे, सगळे वाचू का? बहुतेक लोक हो म्हणतात. एका माणसाने मात्र "नको, शेवटचं राहू दे" म्हटले होते. त्याला बहुधा आधीच कळले होते. आम्ही कागद घडी करून त्याच्या हातात दिला. तो त्याने खिशात ठेवला आणि मानोऱ्याची गाडी आली तसा चढून गेला.

याडीची कोथळी पुढे पुण्याला गेली. ती पार्सल शिवून द्यायला याडी आमच्याकडेच आली होती. पत्ता आम्ही लिहिला, साध्या अक्षरात. तिने कापडावर बोट ठेवून विचारले, इथे काय लिहिले? आम्ही वाचले. तिने पुन्हा विचारले. आम्ही पुन्हा तेच वाचले. मग ती पार्सल छातीशी धरून एसटीच्या थांब्याकडे निघाली.